जपानचे युद्ध १९३१ पासून शिकवा : इतिहासाच्या मराठी शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
शाळा-महाविद्यालयांतून मराठीत इतिहास शिकवणारे सर्व शिक्षक, प्राध्यापक आणि इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील जपान आपल्याकडे ज्या क्रमाने शिकवला जातो त्या क्रमाबद्दल हे पत्र आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडल्यावर तो शरण आला, एवढी दोन टोके विद्यार्थ्याच्या लक्षात राहतात. त्याआधीची दहा वर्षे आणि मधली पावणेचार वर्षे बहुधा ओझरत्या उल्लेखात संपतात. परिणामी हा देश युद्धात का उतरला याचे उत्तर 'साम्राज्यवाद' एवढ्यात आटोपते आणि तो का हरला याचे उत्तर 'अणुबॉम्ब' एवढ्यात. ही उत्तरे चुकीची आहेत असे कोणी म्हणणार नाही, पण त्यांतून पुढचा एकही प्रश्न निघत नाही, आणि ज्या उत्तरातून प्रश्न निघत नाही ते परीक्षेनंतर महिनाभरही टिकत नाही. म्हणून माझी विनंती अशी की हा भाग १८ सप्टेंबर १९३१ या तारखेपासून शिकवायला घ्यावा आणि शिकवताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा : प्रत्येक टप्प्यावर 'आता पुरे' असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे होता, आणि त्याने तो का वापरला नाही?

त्या रात्री चीनच्या ईशान्येकडील मांचुरियातील मुकदेन शहराजवळ, जपानच्या मालकीच्या दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या रुळांवर एक स्फोट झाला. स्फोट इतका किरकोळ होता की थोड्याच वेळाने एक गाडी त्याच रुळांवरून सुखरूप निघून गेली. तो घडवून आणला होता तिथल्या जपानी क्वांतुंग सेनेच्या अधिकाऱ्यांनी. कर्नल सेइशिरो इतागाकी आणि लेफ्टनंट कर्नल कांजी इशिवारा हे त्यामागचे प्रमुख. दोष मात्र चिनी सैनिकांवर ठेवून त्यांनी लगोलग मुकदेनचा ताबा घेतला आणि पुढच्या काही महिन्यांत अख्खा मांचुरिया गिळला. टोकियोतील मंत्रिमंडळाने कारवाई वाढवू नये असे ठरवले होते. कोरियातील जपानी सैन्याच्या सेनापतीने तर सम्राटाच्या आज्ञेची वाट न पाहता आपली फौज सीमेपलीकडे पाठवली. त्या काळच्या लष्करी कायद्यानुसार हा अत्यंत गंभीर गुन्हा होता. मंत्रिमंडळाने त्याला जाब विचारण्याऐवजी फौजेच्या खर्चाला मागाहून मंजुरी दिली. इथे वर्गात थोडे थांबावे असे मला वाटते, कारण पुढच्या चौदा वर्षांत जे जे घडले त्याचा नमुना या आठवड्यात तयार झाला : खालच्या अधिकाऱ्याने आगळीक करायची, ती यशस्वी झाली की वरच्यांनी ती देशाचे धोरण म्हणून स्वीकारायची.

या आगळिकीला घटनेतच जागा होती. १८६८ नंतरच्या मेईजी राजवटीने प्रशियाच्या धर्तीवर सैन्य उभे केले, १८७८ मध्ये जनरल स्टाफला, म्हणजे युद्धाची आखणी करणाऱ्या सेनेच्या मुख्यालयाला, मंत्रिमंडळापासून वेगळे काढून थेट सम्राटाशी जोडले, आणि १८८९ च्या घटनेने सैन्य व आरमार यांचे सर्वोच्च आधिपत्य सम्राटाकडे दिले. कागदावर सर्व सत्ता सम्राटाची होती, पण सम्राटाने रोजच्या राजकारणात पडू नये असा संकेत होता. त्यामुळे पंतप्रधानाचा हुकूम सेनापतीवर चालत नसे आणि ज्याचा चालत असे तो सहसा बोलत नसे. त्यात १९०० सालापासून लष्करमंत्री व आरमारमंत्री हे सेवेत असलेले जनरल आणि ॲडमिरलच असले पाहिजेत असा नियम आला. तो १९१३ मध्ये सैल झाला आणि १९३६ मध्ये पुन्हा घट्ट करण्यात आला. सैन्याने आपला माणूस मंत्रिमंडळातून काढून घेतला की सरकार पडे, आणि नवा माणूस द्यायचे नाकारले की नवे सरकार बनत नसे. नागरिकशास्त्राच्या तासाला आपण सत्ताविभाजन शिकवतो. त्याचे याहून जिवंत उदाहरण शोधून सापडणार नाही.

नियम अपुरे पडले तिथे पिस्तूल होतेच. आरमारावर मर्यादा घालणारा लंडनचा नाविक करार करणारे पंतप्रधान ओसाची हामागुची यांच्यावर नोव्हेंबर १९३० मध्ये गोळी झाडली गेली आणि पुढच्या वर्षी ते वारले. १५ मे १९३२ रोजी त्सुयोशी इनुकाई या पंचाहत्तरी उलटलेल्या पंतप्रधानांना आरमाराच्या तरुण अधिकाऱ्यांनी त्यांच्या निवासस्थानी घुसून मारले. मारेकऱ्यांना सौम्य शिक्षा झाल्या, एकालाही फाशी झाली नाही, आणि खटला चालू असताना त्यांच्यासाठी दयेचे अर्ज देशभरातून येत राहिले. फेब्रुवारी १९३६ च्या बंडात लष्करी खर्चाला कात्री लावू पाहणारे अर्थमंत्री कोरेकियो ताकाहाशी यांनाही ठार करण्यात आले. या बंडातल्या लोकांना मात्र कठोर शिक्षा झाल्या. पण त्याचा लाभ नागरी सरकारला न होता सैन्यातल्याच दुसऱ्या गटाला झाला. त्यानंतर जपानमध्ये कोणी युद्धखोरीविरुद्ध फारसे बोलले नाही याचे नवल वाटू नये. बोलणाऱ्यांचे काय झाले हे सर्वांनी पाहिले होते.

याचा अर्थ जपानला कसलीच तक्रार नव्हती असा नाही, आणि विद्यार्थ्यांपासून हे लपवू नये. १८९५ मध्ये चीनला हरवून मिळवलेला लिआओतुंग द्वीपकल्प रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी दमदाटी करून परत द्यायला लावला, आणि तीनच वर्षांत रशियाने तो स्वतः भाडेपट्ट्याने घेतला. १९१९ मध्ये पॅरिसच्या तहाच्या वेळी राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचे कलम घालावे अशी जपानची मागणी होती. बहुमत मिळूनही ती फेटाळली गेली. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत जाणाऱ्या कच्च्या रेशमाचे भाव कोसळले आणि रेशीमकिडे पाळून जगणारी खेडी कर्जात बुडाली. सैन्यातले पुष्कळ शिपाई याच खेड्यांतून आलेले होते. ज्या देशांनी अर्धे जग वाटून घेतले होते तेच आता विस्तार पाप आहे असे सांगत होते, यातला ढोंगीपणा टोकियोला दिसत होता आणि तो खराही होता. पण कोरियाला गुलाम करणाऱ्या देशाने वंशसमानतेची मागणी करावी, यातही ढोंग कमी नव्हते. फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रसंघाने मांचुरियाबद्दलचा अहवाल ४२ विरुद्ध १ मतांनी स्वीकारला. ते एक मत जपानचे होते, आणि त्याचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले.

७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी रात्रीच्या कवायतीत गोळीबार झाला आणि त्यातून चीनशी उघड युद्ध पेटले. लष्करमंत्री हाजिमे सुगियामा यांनी सम्राटाला सांगितले की हे प्रकरण महिन्याभरात निकालात निघेल. एकट्या शांघायची लढाईच तीन महिने चालली. १३ डिसेंबरला राजधानी नानजिंग पडली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत तिथे शरण आलेले सैनिक आणि नागरिक यांची कत्तल झाली, हजारो स्त्रियांवर बलात्कार झाले. युद्धानंतर जपानी नेत्यांवर खटले चालवणाऱ्या टोकियोच्या न्यायाधिकरणाने मृतांचा आकडा दोन लाखांहून अधिक धरला, चीनचे सरकार तीन लाख सांगते. आकड्यांवर वाद आहे म्हणून घटनेवरच वाद आहे असा समज विद्यार्थ्यांचा होऊ देऊ नये. एवढे होऊनही चीन शरण आला नाही. चांग काय-शेक यांचे सरकार मागे सरकत चुंगकिंगला गेले आणि जानेवारी १९३८ मध्ये पंतप्रधान फुमिमारो कोनोए यांनी त्या सरकारशी यापुढे बोलणीच करणार नाही असे जाहीर करून तडजोडीचे दार स्वतःच्या हाताने लावून घेतले.

इथून पुढची जपानची वाटचाल जुने कर्ज फेडण्यासाठी नवे, अधिक व्याजाचे कर्ज काढत जाणाऱ्या माणसाची आहे. कोरिया राखायला मांचुरिया हवा, मांचुरिया राखायला उत्तर चीन हवा, चीनला मिळणारी परकी मदत तोडायला फ्रेंच इंडोचायना हवा. जुलै १९४१ मध्ये दक्षिण इंडोचायनात सैन्य उतरवल्यावर अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपासून तेल बंद केले. जपानला लागणाऱ्या तेलातले सुमारे ८० टक्के अमेरिकेतून येत होते. साठा जेमतेम दोन वर्षांचा होता, आणि आरमारच ताशी ४०० टन तेल जाळत आहे असे आरमारप्रमुख ओसामी नागानो बैठकीत सांगत होते. तेल हवे तर डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, घ्यायला हवा. तो घ्यायचा तर वाटेतले सिंगापूर आणि अमेरिकेच्या ताब्यातले फिलिपिन्स घ्यायला हवेत. फिलिपिन्स घ्यायचे तर अमेरिकेचे आरमार आधी लुळे करायला हवे. पर्ल हार्बर या साखळीच्या शेवटी येते. आपण मात्र तिथूनच सुरुवात करतो.

१९४१ चा तो उन्हाळा मला या सबंध कहाणीतला सर्वांत शिकवण्याजोगा भाग वाटतो. सरकारनेच स्थापन केलेल्या सर्वंकष युद्ध संशोधन संस्थेत निरनिराळ्या खात्यांतले आणि सैन्यातले निवडक तरुण अधिकारी एकत्र बसवून त्यांच्याकडून अमेरिकेशी युद्ध झाले तर काय होईल याची आकडेवार मांडणी करून घेण्यात आली. त्यांचा निष्कर्ष ऑगस्टच्या अखेरीस कोनोए आणि तेव्हाचे लष्करमंत्री हिदेकी तोजो यांच्यासमोर ठेवला गेला : सुरुवातीला विजय मिळेल, मग युद्ध लांबेल, जहाजे बुडत जातील, शेवटी रशिया उतरेल आणि जपान हरेल. प्रत्यक्षात जे घडले त्याच्याशी हा अंदाज चकित करण्याइतका जुळतो. तोजो यांचे म्हणणे असे पडले की हे कागदावरचे गणित आहे. १९०४ मध्ये रशियाशी युद्ध झाले तेव्हाही जिंकू असे कोणाला वाटले नव्हते, तरी आपण जिंकलो. म्हणजे माहिती नव्हती म्हणून जपान बुडाला हे खरे नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सम्राट हिरोहितो यांनी आता सेनाप्रमुख असलेल्या सुगियामांना विचारले की दक्षिणेकडची मोहीम किती दिवसांत आटोपेल. सुमारे तीन महिने, असे उत्तर आले. चीनचे प्रकरण महिन्यात संपेल असे तुम्हीच म्हणाला होता, अशी आठवण सम्राटाने करून दिली. चीनचा अंतर्भाग विस्तीर्ण आहे, असे सुगियामा म्हणाले. त्यावर पॅसिफिक महासागर चीनहून विस्तीर्ण नाही काय, असे सम्राटाने विचारले. प्रश्न अचूक होता. तो विचारणाऱ्याच्या हातात निदान कागदोपत्री सर्व अधिकार होते. तरीही दुसऱ्या दिवशीच्या दरबारी परिषदेत त्याने आपल्या आजोबांची शांतीविषयीची कविता वाचून दाखवली आणि ऑक्टोबरपर्यंत बोलणी यशस्वी झाली नाहीत तर युद्धाला तयार राहण्याचा ठराव संमत होऊ दिला. ऑक्टोबरमध्ये आरमारमंत्री कोशिरो ओइकावा यांच्यावर बोलण्याची पाळी आली. दीर्घ युद्ध जिंकता येणार नाही याची आरमारातल्या अनेकांना खात्री होती. संयुक्त आरमाराचे सेनापती इसोरोकू यामामोतो यांनी तर वर्षभर आधीच कोनोए यांना सांगितले होते की सहा महिने किंवा एक वर्ष मी धुमाकूळ घालीन, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची खात्री देत नाही. पण वर्षानुवर्षे अमेरिकेशी लढण्यासाठी म्हणून निधी घेतलेल्या आरमाराला 'आम्हाला लढता येणार नाही' हे तोंडाने म्हणवेना. ओइकावांनी निर्णय पंतप्रधानांवर सोडला. चीनमधून सैन्य मागे घेतले तर तिथे मेलेल्यांचे बलिदान वाया जाईल, यावर तोजो अडून बसले. कोनोए यांनी राजीनामा दिला आणि तोजो पंतप्रधान झाले.

पुढच्या सहा महिन्यांतले विजय आपण सर्वजण शिकवतोच, त्यामुळे त्यांवर इथे रेंगाळत नाही. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर, ८ मार्चला रंगून, २३ मार्चला अंदमान जपानच्या हाती गेले, आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकिनाडा यांवर बॉम्ब पडले. जूनमध्ये मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू जहाजे एका फटक्यात गमावली. आरमाराने हा आकडा जनतेपासून दडवला आणि जखमी खलाशांना इतरांपासून वेगळे ठेवले. ग्वादालकनाल बेटावर गेलेल्या सैन्यातले सुमारे २० हजार मेले, त्यांतले बरेच उपासमारीने आणि तापाने. उरलेल्यांना फेब्रुवारी १९४३ मध्ये बाहेर काढले, तेव्हा ती माघार न म्हणता दुसरीकडची आगेकूच म्हणून जाहीर केली गेली.

जहाजांचा भाग मात्र कृपया गाळू नये, कारण पराभवाचे खरे गणित तिथे आहे. बेटांवर वसलेला आणि तेल, तांदूळ, बॉक्साइट, रबर सारे समुद्रावरून आणणारा हा देश युद्धाला निघाला तेव्हा त्याच्याकडे साठ लाख टनांच्या आसपास मालवाहू जहाजे होती. त्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय उभे राहिले ते नोव्हेंबर १९४३ मध्ये, युद्धाला दोन वर्षे होत आली तेव्हा. आरमाराच्या शिकवणीत निर्णायक लढाईला मान होता, धान्याच्या बोटीमागे पहारा देत फिरणे हलके काम समजले जाई. अमेरिकी पाणबुड्यांनी जपानच्या बुडालेल्या व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून अधिक टनेज बुडवले. ज्या तेलासाठी युद्ध केले ते सुमात्रात होते, पण १९४५ च्या वसंतात ते जपानपर्यंत येणे जवळजवळ बंद झाले होते. अणुबॉम्ब पडण्याआधीच कारखाने थंडावले होते आणि शहरे जळाली होती. मार्च १९४५ मधल्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसे होरपळून मेली.

आता इम्फाळविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या विद्यार्थ्यांसाठी तो सर्वांत जवळचा पुरावा आहे. मार्च १९४४ मध्ये लेफ्टनंट जनरल रेन्या मुतागुची यांनी तीन डिव्हिजन घेऊन ब्रह्मदेशातील चिंदविन नदी ओलांडली. हे मुतागुची म्हणजे १९३७ मध्ये मार्को पोलो पुलापाशी असलेल्या रेजिमेंटचे प्रमुख. त्यांचे वरिष्ठ, ब्रह्मदेशातील सैन्याचे सेनापती मासाकाझु कावाबे, हे त्या वेळी तिथल्या ब्रिगेडचे प्रमुख होते. म्हणजे ज्या दोघांच्या हाताखाली चीनचे युद्ध पेटले, तेच दोघे सात वर्षांनी मणिपूरच्या डोंगरात उभे होते. आपण सुरू केलेले युद्ध आपणच एका फटक्यात निकालात काढावे, अशी मुतागुचींची महत्त्वाकांक्षा होती. सैनिकांकडे सुमारे तीन आठवड्यांचा शिधा होता. पुढचे अन्न इंग्रजांची कोठारे जिंकून मिळवायचे, आणि शिवाय गुरे हाकत न्यायची, ओझेही त्यांनी वाहायचे आणि शेवटी ती खायची, असा बेत होता. बहुतेक गुरे नदीत आणि डोंगरात मेली. रसद पोहोचवता येणार नाही असे स्पष्ट सांगणाऱ्या आपल्या चीफ ऑफ स्टाफला मुतागुचींनी आधीच पदावरून हटवले होते.

इम्फाळच्या ईशान्येला संगशाक या नागा गावापाशी २० ते २६ मार्च दरम्यान ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्याबरोबर असलेली मराठा पलटणीची चौथी बटालियन यांनी पाण्याचीही टंचाई असलेल्या टेकडीवर जपान्यांना अडवून धरले. ब्रिगेडची जवळजवळ राखरांगोळी झाली, पण त्या दिवसांत इम्फाळ आणि कोहिमा येथे कुमक पोहोचली. मराठा पलटण म्हटली की आपल्याला इटलीतले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आठवतात. संगशाक मात्र मराठी पुस्तकांत क्वचितच भेटते. समोरच्या बाजूला जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनेचे जवानही होते हे त्याच पानावर लिहावे लागेल, आणि ते लिहायला अवघड आहे म्हणून दोन्ही गाळणे हा उपाय नव्हे.

मे संपेपर्यंत पाऊस सुरू झाला होता आणि शिधा नव्हता. कोहिमापुढे असलेल्या ३१ व्या डिव्हिजनचे प्रमुख कोतोकु सातो यांनी वरून काहीच मिळत नाही असे सांगून हुकुमाशिवाय माघार घेतली. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या प्रमुखाने असे करणे अभूतपूर्व होते. जूनच्या सुरुवातीला कावाबे स्वतः मुतागुचींना भेटायला आले. मोहीम फसली आहे हे दोघांनाही माहीत होते. मुतागुचींनी नंतर सांगितले की माघार घ्यावी हे माझ्या ओठांवर आले होते, पण उच्चारवेना, माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखतील असे वाटले. कावाबे यांनीही विचारले नाही. मोहीम थांबवण्याचा हुकूम निघायला जुलै उजाडला. त्या महिन्याभरात रस्त्याकडेला किती माणसे मेली याची नेमकी मोजदाद कोणी केली नाही. एकूण मोहिमेत सुमारे ८५ हजारांपैकी ३० हजार मेले, त्यांतले बहुतेक भुकेने आणि रोगाने. सातोंवर लष्करी खटला भरला असता तर सारे बाहेर आले असते, म्हणून त्यांना मानसिक दृष्ट्या असमर्थ ठरवून खटला टाळण्यात आला. दोन सेनापती समोरासमोर बसले आहेत आणि दोघेही समोरच्याने बोलावे म्हणून थांबले आहेत, हा प्रसंग एकदा सांगितला की १९४१ च्या टोकियोतील बैठका विद्यार्थ्यांना वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

एक मुद्दा आपल्या वाचकांना रुचणार नाही, तरी मांडतो. 'आशिया आशियाई लोकांसाठी' या घोषणेबद्दल आपल्याकडे अजून हळवेपणा आहे. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले तेव्हा हिंदुस्थानात झालेला आनंद खरा होता आणि समजण्याजोगाही होता. पण १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठवले, तेव्हा सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानच्याच आक्रमणाखाली चिरडलेल्या लोकांची सेवा करायला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. पथक पाठवले त्या १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. पुढे त्यांनीच जपानची मदत घेतली. इंग्रजांना घालवण्यासाठी ती घेणे त्यांना का आवश्यक वाटले हे प्रामाणिकपणे शिकवता येते, पण जपान मुक्तिदाता होता असे त्यातून सिद्ध होत नाही. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. बरोबर एका महिन्याने, ३० जानेवारी १९४४ रोजी, हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना जपान्यांनी हम्फ्रीगंज येथे गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात पंजाबी कवी डॉ. दिवाण सिंग सेल्युलर जेलमध्ये छळाने मेले. सावरकरांची कोठडी पाहायला अंदमानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या मोठी आहे. त्याच तुरुंगात इंग्रजांनंतर कोणी कोणाला कोंडले हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

सयाम-ब्रह्मदेश रेल्वे बांधताना युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी पटींनी आशियाई मजूर मेले, त्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मोठ्या संख्येने होते. व्हिएतनाममध्ये १९४५ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद होणे हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे एक कारण होते. बाकीची कारणे इंग्रज सरकारच्या धोरणात होती, आणि ती तेवढ्याच ठळकपणे सांगावीत. ज्या ब्रह्मी नेते आँग सान यांना जपानने स्वतः प्रशिक्षण दिले होते, ते मार्च १९४५ मध्ये आपले सैन्य घेऊन जपानवर उलटले. 'आशिया आशियाई लोकांसाठी' या घोषणेचे मूल्यमापन करायला याहून चांगला साक्षीदार नाही.

अखेरचा ऑगस्ट शिकवतानाही तोच प्रश्न लावून पाहावा. ६ ऑगस्टला हिरोशिमावर बॉम्ब पडला. ८ तारखेला सोव्हिएत रशियाने युद्ध पुकारले आणि काही तासांतच त्याच्या फौजा मांचुरियात शिरल्या, जिथून हे सारे सुरू झाले होते. रशियाच्या मध्यस्थीने बरा तह होईल ही टोकियोची शेवटची आशा तिथे संपली. ९ तारखेला सहा जणांची सर्वोच्च युद्धपरिषद बसली असतानाच नागासाकीची बातमी आली, आणि तरीही मते तीन विरुद्ध तीन पडली. मध्यरात्रीनंतर सम्राटाने स्वतः निर्णय दिला. १४ तारखेच्या रात्री काही अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून सम्राटाच्या शरणागतीच्या भाषणाची तबकडी शोधण्याचा प्रयत्न केला. ती त्यांना सापडली नाही. बॉम्बने की रशियाने शरणागती आणली यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही, आणि दहावीच्या मुलांसमोरही तो वाद वाद म्हणून ठेवायला हरकत नसावी. सम्राट ऑगस्ट १९४५ मध्ये बोलू शकला, तर सप्टेंबर १९४१ मध्ये का बोलला नाही, हा प्रश्न मात्र वर्गातून कोणीतरी विचारीलच. त्याच्यावर खटला भरायचा नाही असे अमेरिकेने ठरवल्यामुळे तो टोकियोच्या न्यायालयात नीट विचारला गेला नाही.

त्या न्यायालयातील आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचा उल्लेख भारतीय पुस्तकांत अभिमानाने होतो. तो व्हावा, पण पुरा व्हावा. युद्धाची सुरुवात करणे हा १९४१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा ठरलेला नव्हता आणि जेत्यांनी पराभूतांचा न्याय करणे योग्य नाही, या भूमिकेवरून त्यांनी सर्व आरोपींना दोषमुक्त ठरवले. नानजिंगमध्ये अत्याचार झाल्याचा पुरावा मात्र त्यांनी जबरदस्त म्हणून मान्य केला होता. जपानमधील काही मंडळी त्यांच्या निकालाचा पहिला भाग घेऊन दुसरा सोडून देतात. आपण तसे करण्याचे कारण नाही.

वेळ कमी असतो, अभ्यासक्रम संपवायचा असतो आणि एका महायुद्धाला मोजक्या तासिका मिळतात, याची मला जाणीव आहे. म्हणून मागणी लहान ठेवतो. जपानसाठी तीनच तासिका मिळत असतील तर त्यांतली एक मुकदेनच्या स्फोटाला द्या, दुसरी १९४१ च्या उन्हाळ्याला आणि तिसरी इम्फाळला. पर्ल हार्बर आणि हिरोशिमा विद्यार्थ्यांना वर्गात येण्यापूर्वीच ठाऊक असतात.

आपला नम्र,
इतिहासाचा एक वाचक